गुडघ्याची तीव्र वेदना आणि ‘नर्व्ह ब्लॉक’ : उपयोग, मर्यादा व हिशेब



या अहवालातील जमाखर्चात ‘मुदतबाह्य औषधे निर्लेखित’ या शीर्षाखाली एक नोंद आहे. तीत शिरेतून द्यावयाच्या स्निग्ध द्रावणाच्या चार बाटल्या आहेत. त्या विकत घेतल्या, थंड जागी सांभाळल्या, एकदाही उघडल्या नाहीत आणि मुदत संपल्यावर नियमानुसार नष्ट केल्या. त्याआधीच तशाच चार नव्या बाटल्या मागविण्यात आल्या होत्या. विश्वस्त मंडळाच्या सभेत एका सदस्यांनी विचारले, “जे औषध एकदाही लागले नाही, ते पुन्हा कशासाठी?”

प्रश्न रास्त होता. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा जाब विचारणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे. मात्र त्याचे उत्तर सभेत दोन वाक्यांत देण्याजोगे नव्हते, म्हणून हा लेख. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. लेखातील वैद्यकीय भाग आपल्या डॉक्टरांकडून समजून घेऊन व त्यांच्याकडून तपासून घेऊनच येथे मांडला आहे.

आपला परिसर आणि गुडघ्याचे दुखणे

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा हा डोंगराळ भाग मुख्यतः माडिया गोंड बांधवांचा आहे. येथील जीवन गुडघ्यांच्या बळावर चालते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून वाकून, उकिडवे बसून मोहफुले वेचायची, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपाने तोडायची, पावसाळ्यात चिखलात उभे राहून धानाची रोवणी करायची आणि वर्षभर डोक्यावर ओझे घेऊन डोंगर चढायचे-उतरायचे. जानेवारीत ठाकुरदेवाच्या यात्रेसाठी सूरजागडच्या पहाडावर जाणाऱ्यांत वृद्ध स्त्री-पुरुषही असतात. आपल्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात, आणि ‘टोंगळा धरला’ ही तक्रार बाह्यरुग्ण विभागाच्या नित्य परिचयाची आहे.

अपघात विभागात येणारा गुडघा मात्र वेगळा असतो. झाडावरून किंवा खडकावरून पडल्याने वाटीचे हाड मोडलेले असते. दुचाकी घसरून गुडघ्याजवळचे हाड पिचलेले असते. २०२१ पासून सूरजागडच्या लोहखाणीचे काम नियमित सुरू झाल्यावर या भागातील रस्त्यांवर जड वाहनांची वर्दळ वाढली आहे. खाणीविषयी परिसरात भिन्न मते आहेत आणि त्यांत पडण्याचे हे स्थान नव्हे. अपघात विभागाला दारात आलेला रुग्ण तेवढा दिसतो. काही वृद्धांचा झिजलेला गुडघा एखाद्या दिवशी अचानक इतका चढतो की पाय टेकवत नाही, आणि त्यांना खाटेवर घालून आणावे लागते.

आणखी एक रुग्णवर्ग विसरून चालणार नाही. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू केले. या विकारात हाडे व सांधे असह्य दुखण्याचे झटके येतात आणि त्यात गुडघाही असतो. अशा दुखण्याचा उपचार वेगळा आहे. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

वेदना आणि वाट

मोडलेल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आपल्या रुग्णालयात होत नाही. त्यासाठी रुग्णास गडचिरोली किंवा चंद्रपूर येथे पाठवावे लागते. गडचिरोली येथून शंभर किलोमीटरांहून दूर आहे. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाल्यापासून वाहनाची मोठी अडचण दूर झाली. तथापि पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद होते, आणि आतील पाड्यांतून मुख्य रस्त्यापर्यंत अनेकदा आजही खाटेची कावड करूनच यावे लागते. मोडलेला पाय घेऊन खड्ड्यांतून तासन् तास प्रवास करणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

वेदना सहन केल्याने रुग्णास कोणताही लाभ होत नाही. तीव्र वेदनेने नाडी व रक्तदाब वाढतो, झोप लागत नाही, अन्नपाणी जात नाही, आणि रुग्ण पाय हलवू देत नसल्याने तपासणी व खपची बांधणेही नीट होत नाही.

मग जोरदार वेदनाशामक का देऊ नये? डॉक्टर तेही देतात, परंतु प्रत्येकाची किंमत असते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या व इंजेक्शने वारंवार घेतल्यास जठरात व्रण होतो आणि मूत्रपिंडास इजा पोहोचते. वृद्धांमध्ये हा धोका अधिक. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधे अत्यंत प्रभावी आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन अशी अत्यावश्यक औषधे रुग्णालयांना मिळणे सुलभ झाले. नोंदवही, कुलूप आणि शिल्लक यांचा हिशेब मात्र काटेकोर ठेवावा लागतो. या औषधांनी गुंगी व मळमळ येते आणि मात्रा जास्त झाल्यास श्वास मंदावतो. अंधाऱ्या वाटेवर, हलत्या रुग्णवाहिकेत, अशक्त वृद्धेच्या श्वासावर लक्ष ठेवणे सोपे नाही. म्हणून जेथे दुखते तेथूनच वेदनेचा मार्ग रोखता आला तर उत्तम, या विचारातून ‘नर्व्ह ब्लॉक’ची पद्धत आपल्या अपघात विभागात स्वीकारण्यात आली.

‘नर्व्ह ब्लॉक’ म्हणजे काय

बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. येथे संबंध मज्जातंतूशी आहे. गुडघ्यातील वेदनेचा निरोप मज्जातंतूंमार्फत कण्यात व तेथून मेंदूत जातो. मज्जातंतूच्या भोवती बधिर करणारे औषध सोडले की तो निरोप काही तास वाटेतच अडतो. औषध मज्जातंतूच्या आत टोचले जात नाही, त्याच्या भोवती पसरविले जाते. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, बोलतो, पाणी मागतो. औषधाचा अंमल उतरला की मज्जातंतू पूर्ववत काम करू लागतो.

गुडघ्यासाठी हे औषध प्रामुख्याने तीन ठिकाणी देता येते.

पहिले ठिकाण जांघेतील. तेथे मांडीची मुख्य धमनी असते आणि तिच्या बाहेरच्या बाजूस, एका पातळ आवरणाखाली, मांडीचा मोठा मज्जातंतू असतो. तो बधिर केल्यास गुडघ्याच्या पुढील भागाची, विशेषतः वाटीच्या हाडाची वेदना चांगली शमते. मात्र त्याच मज्जातंतूवर मांडीचे पुढचे स्नायू चालतात, त्यामुळे पाय काही तास उभे राहण्याइतका भरवशाचा राहत नाही.

दुसरे ठिकाण मांडीच्या मध्यावर आतील बाजूस, स्नायूंच्या मधल्या बोगद्यासारख्या जागेत. येथे मुख्यतः संवेदनेच्या शाखा असल्याने पायाचे बळ बऱ्याच अंशी टिकते.

तिसरे ठिकाण खुद्द गुडघ्याभोवती. सांध्याकडे जाणाऱ्या बारीक शाखांजवळ दोन-तीन ठिकाणी अगदी थोडे औषध दिले जाते. झिजलेला गुडघा अचानक चढलेल्या वृद्धांसाठी हा मार्ग उपयोगी पडतो.

कोणतेही एक इंजेक्शन संपूर्ण गुडघा बधिर करीत नाही. गुडघ्याच्या मागील भागाचे मज्जातंतू वेगळ्या वाटेने येतात. म्हणून ‘थोडे दुखणे राहील, पण सोसवेल’ असे आधीच सांगण्याची पद्धत आपण ठेवली आहे.

औषधांची थोडी पूर्वपीठिका

१८८४ साली व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून शस्त्रक्रिया शक्य असल्याचे दाखविले. लवकरच न्यूयॉर्क येथील शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी तेच औषध मज्जातंतूंभोवती टोचून पाहिले. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले आणि त्यापायी ते कोकेनच्या व्यसनात अडकले. पुढे व्यसन न लावणारी औषधे शोधली गेली. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले आणि १९५७ साली त्याच देशात ब्युपिव्हॅकेन तयार झाले. लिग्नोकेनचा अंमल लवकर चढतो व एक-दोन तासांत उतरतो. ब्युपिव्हॅकेनचा अंमल सावकाश चढतो, परंतु सहा ते बारा तास आणि कधी त्याहूनही अधिक टिकतो. आपल्या लांबच्या वाटेसाठी दुसरे औषध सोयीचे आहे.

पण त्यालाच एक काळी बाजू आहे. ते चुकून थेट रक्तवाहिनीत गेले किंवा मर्यादेपेक्षा जास्त दिले गेले, तर मेंदूवर व हृदयावर विषारी परिणाम होतो. तोंडाभोवती मुंग्या येतात, जिभेवर धातूची चव येते, कानात आवाज येतो, मग झटके येऊ शकतात आणि हृदय बंद पडू शकते. १९७९ साली अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जॉर्ज अल्ब्राइट यांनी अशा मृत्यूंकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. असे बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करणे फार कठीण असते.

या संकटावर उतारा अनपेक्षित ठिकाणी सापडला. १९९८ साली गाय वाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की शिरेतून स्निग्ध द्रावण दिल्यास ब्युपिव्हॅकेनचा विषार उतरतो. हे द्रावण सोयाबीनच्या तेलापासून बनते आणि तोंडाने अन्न न घेऊ शकणाऱ्या रुग्णांच्या पोषणासाठी ते पूर्वीपासून वापरात होते. हृदय व मेंदूत शिरलेले औषध हे स्निग्ध कण ओढून घेतात व शरीरात इतरत्र वाहून नेतात. २००६ साली या उपायाने वाचलेल्या रुग्णाचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सभेत ज्यांच्याविषयी प्रश्न निघाला, त्या चार बाटल्या याच द्रावणाच्या.

सोनोग्राफी यंत्र आणि कायदा

पूर्वी हे इंजेक्शन हाताने धमनीचे ठोके चाचपून, आवरण पार झाल्याचा सुईला येणारा हलका धक्का ओळखून दिले जाई. अनुभवी हात आजही असे देऊ शकतात. सोनोग्राफीच्या साहाय्याने मात्र सुई, धमनी आणि मज्जातंतू पडद्यावर दिसतात, औषध कोठे पसरते हे कळते, कमी औषध पुरते आणि रक्तवाहिनीत सुई जाण्याचा धोका घटतो.

या यंत्राच्या निमित्ताने प्रशासनाचे काम वाढते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली स्वतंत्र कायदा केला, त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ पासून त्याच्या दुरुस्त तरतुदी लागू झाल्या. यंत्र केवळ मज्जातंतू पाहण्यासाठी घेतले असले तरी त्याची या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक लावावा लागतो आणि यंत्र कोण वापरतो याची नोंद ठेवावी लागते. हातात मावणारे यंत्र सुद्धा नोंदलेल्या जागेबाहेर मनास येईल तसे नेता येत नाही. शिबिरासाठी यंत्र मागणाऱ्या हितचिंतकांना आम्ही नकार देतो, तो याच कारणाने. कायद्यामागील हेतू थोर आहे आणि त्याचे पालन करण्यात आम्हास कमीपणा वाटत नाही.

वजनकाट्याने शिकविलेला धडा

आता एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. तो आपल्याच रुग्णालयातील उणीव दाखविणारा आहे, तरीही तो अहवालात यावा असे वाटते.

मोहाच्या हंगामात एके रात्री एका आजींना खाटेवर आणण्यात आले. टोपली घेऊन उतरताना त्या खडकावर पडल्या होत्या आणि वाटीचे हाड मोडले होते. जांघेत इंजेक्शन देण्याचे ठरले. त्यांच्या मुलाने हात जोडून विचारले, “डॉक्टरसाहेब, मायचा पाय लुळा तं नाही पडणार नं?” डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि आमच्या परिचारकाने तेच आजींना माडियात सांगितले. आजींनी मान डोलावली.

ब्युपिव्हॅकेनची २० मिलिलिटरची बाटली सिरिंजमध्ये भरून तयार होती. तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरनी विचारले, “आजींचे वजन किती?” केसपेपरवर वजनाचा रकाना कोरा होता. उभे राहता न येणाऱ्या रुग्णाचे वजन करण्याची सोयच आमच्याकडे नव्हती. आजवर ते अंदाजाने लिहिले जात होते.

मला बोलावणे आले. स्वयंपाकघराच्या कोठारात धान्याच्या पोत्यांसाठी मोठा वजनकाटा आहे. कुलूप काढून तो आणला. आजी स्ट्रेचरवर असताना वजन घेतले, नंतर रिकाम्या स्ट्रेचरचे घेतले. व्यापारात ढोबळ वजनातून बारदान वजा करून निव्वळ वजन काढतात, तसेच ते केले. आजींचे वजन ३८ किलो भरले.

पुढील हिशेब कोणासही समजेल असा आहे. बाटलीवर ०.५ टक्के लिहिलेले असते. याचा अर्थ १०० मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. २० मिलिलिटरच्या बाटलीत १०० मिलिग्रॅम औषध आले. आपल्या डॉक्टरांनी स्वीकारलेली सुरक्षित मर्यादा दर किलोस २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक पूर्ण बाटली ही ५० किलोच्या माणसाची मर्यादा झाली. ३८ किलोच्या आजींची मर्यादा ७६ मिलिग्रॅम, अर्थात जेमतेम १५ मिलिलिटर. सिरिंजमध्ये त्याहून २४ मिलिग्रॅम जास्त औषध भरलेले होते.

पूर्ण मात्रा दिली असती तर अनर्थ झालाच असता असे नाही. पण ज्या गोष्टीचे माप सहज घेता येते, ती अंदाजावर सोडणे हा दोषच. डॉक्टरांनी औषध कमी केले आणि वय व अशक्तपणा पाहून मर्यादेच्याही आत ठेवले. सोनोग्राफीवर पाहत, दर वेळी सुई मागे ओढून रक्त येत नाही ना हे तपासत, थोडे थोडे औषध सोडले. साधारण वीस मिनिटांनी आजींनी स्वतःहून पाय सरळ करू दिला. खपची बांधली, अर्धा तास नाडी, रक्तदाब व श्वास पाहिला आणि पहाटे रुग्णवाहिका निघाली. वाटेत त्यांना झोप लागली, असे मुलाने नंतर सांगितले. शस्त्रक्रिया होऊन काही आठवड्यांनी आजी काठी टेकत आपल्याकडे तपासणीस आल्या.

त्या रात्रीनंतर आपल्याकडे नियम झाला आहे. केसपेपरवर वजन नसेल तर औषध भरायचे नाही. मात्रेचा हिशेब दोघांनी स्वतंत्रपणे करायचा आणि दोघांनी सही करायची. रोखपालाच्या तिजोरीला आपण दोन किल्ल्या ठेवतो, त्याच तत्त्वावर हे आहे. आपल्या परिसरात ४० किलोच्या आतबाहेरचे प्रौढ रुग्ण नेहमीचेच असल्याने या नियमाचे महत्त्व येथे विशेष आहे.

न लागणाऱ्या बाटल्यांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विषार झाल्याचे लक्षात येताच पहिल्या दोन-तीन मिनिटांत दर किलोस दीड मिलिलिटर स्निग्ध द्रावण शिरेतून द्यावे लागते. ४० किलोच्या रुग्णास ते ६० मिलिलिटर होते. त्यानंतर दर मिनिटास सुमारे १० मिलिलिटर चालू ठेवावे लागते. रुग्ण वजनदार असेल किंवा हृदय लवकर स्थिर झाले नाही तर बरेच द्रावण लागते, म्हणून एक लिटरचा साठा हाताशी ठेवण्याची शिफारस आहे. २५० मिलिलिटरच्या चार बाटल्या त्या हिशेबाने आहेत. ते औषध गडचिरोलीहून मागवू म्हटले तर मिळेल, पण रुग्णास तेवढा वेळ नसतो.

शिवाय हे द्रावण २५ अंशांखाली ठेवावे लागते. आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणजे थंड कपाट आणि त्यास पर्यायी विजेची सोय हाही खर्च आला.

माझ्या शिक्षणाप्रमाणे न वापरता नष्ट केलेला माल हा तोटा होय, आणि सुरुवातीस मीही तसेच मानले होते. एकदा पुरवठादाराकडून नव्या बाटल्या येण्यास विलंब झाला आणि जुन्यांची मुदत संपली. त्या काळात आपल्या भूलतज्ज्ञांनी जांघेतील व मांडीतील इंजेक्शने बंद ठेवली. रुग्ण कण्हत होते, औषध होते, यंत्र होते, डॉक्टरही होते. तरी त्यांनी सुई उचलली नाही. मला तो हट्ट वाटला व मी तसे बोललोही. त्यांनी एवढेच विचारले, “आग विझवायचे नळकांडे वर्षभर वापरले नाही, म्हणून तुम्ही ते काढून टाकता का?” तेव्हापासून मुदत संपण्याच्या तीन महिने आधी नवी मागणी नोंदविण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली आहे.

या बाटल्या न उघडता नष्ट होणे ही आपली इच्छा आहे. त्या असल्यामुळेच इतर रुग्णांना निर्धास्तपणे इंजेक्शन देता येते. लेखापरीक्षणाच्या शीर्षांत ती रक्कम निर्लेखित दिसेल, परंतु विम्याचा हप्ता जसा वाया जात नाही, तशी तीही वाया गेलेली नाही.

हे इंजेक्शन कोणास देत नाही

वेदना हा रोग नसून खूण आहे, आणि खूण पुसल्याने मूळ रोग जात नाही. म्हणून आपले डॉक्टर आधी निदान व मग बधिरीकरण हा क्रम सोडत नाहीत.

गुडघा लाल, गरम, सुजलेला असून ताप असेल तर सांध्यात पू झाल्याची शंका घेतली जाते. अशा वेळी सांध्यातील पाणी काढून तपासणे तातडीचे असते. केवळ दुखणे थांबवून घरी पाठविल्यास सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. सिकलसेलच्या रुग्णांत हाडाच्या जंतुसंसर्गाचा धोका अधिक असल्याने ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. त्यांच्या झटक्यासाठी द्रव, आवश्यकतेनुसार प्राणवायू आणि सर्व शरीराला लागू पडणारी वेदनाशामके हाच मुख्य उपचार होय.

गुडघ्याखालचे हाड चिरडले असेल तर पोटरीच्या आत दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडण्याची भीती असते. वाढती वेदना ही त्याची पहिली सूचना. ती दडपली गेल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा रुग्णांत हे इंजेक्शन टाळतात किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच देतात. गुडघा निखळला असेल तर आधी पावलाची नाडी पाहतात.

घोणस किंवा फुरसे चावल्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा रुग्णाचा पाय कितीही दुखत असला तरी मज्जातंतूजवळ सुई घालत नाहीत, कारण आत रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांबाबतही असाच विचार होतो.

गुडघ्यांच्या झिजेसाठी हे इंजेक्शन कायमचा उपाय नाही. त्या रात्रीची वेदना ते थांबविते. पुढचे काम मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, काठीचा आधार, उकिडवे बसणे कमी करणे आणि नियमित तपासणी यांचे आहे.

रुग्णांच्या आप्तजनांसाठी सूचना

१. इंजेक्शनपूर्वी डॉक्टर पावलाची हालचाल, संवेदना व नाडी तपासून लिहितात. ती तपासणी पूर्ण होऊ द्यावी. घाई करू नये.

२. रुग्णास पूर्वी कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली होती, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, बाहेर कोणते इंजेक्शन घेतले आहे का, हे न लपविता सांगावे.

३. आपणांस समजणाऱ्या भाषेतच माहिती मागावी. माडिया व गोंडी बोलणारे कर्मचारी उपलब्ध आहेत. समजल्याशिवाय संमतिपत्रावर सही किंवा अंगठा करू नये.

४. पाय जड व बधिर वाटणे अपेक्षित आहे, तो लुळा पडलेला नसतो. मात्र दुसऱ्या दिवशीही बधिरपणा कायम राहिल्यास त्वरित दाखवावे. मज्जातंतूला दीर्घकाळ इजा होणे विरळ आहे, पण अशक्य नाही.

५. पायात बळ परत येईपर्यंत रुग्णास एकट्याने उभे राहू देऊ नये, शौचासही धरून न्यावे.

६. बधिर पायाला चटका कळत नाही. गरम पाण्याची पिशवी लावू नये आणि थंडीच्या दिवसांत रुग्णास शेकोटीजवळ बसवू नये.

७. अंमल उतरताना दुखणे एकाएकी वाढते. दिलेली गोळी दुखणे सुरू होण्यापूर्वीच, सांगितलेल्या वेळी द्यावी.

८. तोंडाला मुंग्या, कानात आवाज, बडबड किंवा झटके दिसल्यास क्षणही न दवडता सिस्टरना हाक मारावी.

९. पुढील रुग्णालयात पाठविताना दिलेल्या चिठ्ठीत औषधाचे नाव, मात्रा व वेळ असते. ती हरवू देऊ नये व पोहोचताच तेथील डॉक्टरांच्या हाती द्यावी.

समारोप आणि विनंती

या सर्व व्यवस्थेत बधिर करणाऱ्या औषधाची बाटली ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. खर्च होतो तो यंत्रावर, डॉक्टर व सिस्टरांच्या प्रशिक्षणावर, थंड कपाटावर आणि न लागणाऱ्या चार बाटल्यांवर. देणगीदारांना आपल्या दानातून बरा झालेला रुग्ण पाहावासा वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु आपल्या देणगीचा काही भाग अशा अनर्थाला रोखण्यात खर्ची पडतो, जो घडलाच नाही व म्हणून कोणास दिसलाही नाही. त्या भागाचा हिशेब आपणांस प्रामाणिकपणे कळावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

आगामी वर्षासाठी दोन वस्तूंची गरज आहे. स्ट्रेचरसह रुग्णाचे वजन घेणारा काटा, जेणेकरून धान्याचा काटा कोठारातच राहील. आणि औषधांच्या थंड कपाटासाठी स्वतंत्र बॅटरीची सोय. या दोन वस्तूंना आपल्या औदार्याची जोड मिळावी, अशी नम्र विनंती. सभेत प्रश्न विचारणाऱ्या विश्वस्तांचेही मनःपूर्वक आभार. त्यांनी प्रश्न विचारला नसता तर हा खुलासा लिहिण्याचे राहून गेले असते.

आपला नम्र,
प्रशासक